अंगी लागलेलं

तो नुसता खाकरला होता. वाचायला सुरुवात करण्याआधी माणूस घसा साफ करतो, तसा. तोंडापुढे मूठ धरून आधी तोकडं, मग जरा लांब. तर समोर डोळे मिटून बसलेली टायपिस्ट बाई ताडकन उठून उभी राहिली. तिची खुर्ची करकरत मागे गेली, मांडीवरचं चष्म्याचं घर फरशीवर आपटलं आणि डोळे उघडून तिने पाहिलं ते थेट दाराकडे. दारात कुणीच नव्हतं. मग सावकाश मान वळवून तिने त्याच्याकडे पाहिलं आणि जिभेचं टोक चावलं. "अगंबाई," ती म्हणाली, "मला वाटलं मोठे सरच आले!" मोठे सर म्हणजे या शब्दकोशाचे आधीचे मुख्य संपादक, आणि त्याचे सासरे. त्यांना जाऊन दोन वर्षं उलटून गेली होती. हयात असताना ते जिना चढतानाच खाकरत आणि ते ऐकून अख्खी कचेरी उठून उभी राही. बाईच्या गुडघ्यांना ती सवय अजून होती. तिच्या शेजारचे गृहस्थ शब्दांची मुळं खणून काढायचं काम करतात, म्हणून सगळे त्यांना मूळपुरुष म्हणतात. ते पोट धरून हसले. "सरांची खुर्ची घेतलीत ती घेतलीत, आता घसाही घेतलात की!" ते म्हणाले. तोही हसला, न हसून करतो काय. पण ते हसू नाकातून आलं, ओठ मिटलेले, खांदे किंचित हललेले, आणि हसता हसताच त्याला कळलं की हेसुद्धा म्हाताऱ्याचंच आहे. तो पाणी प्यायला आणि त्याने कागद पुढे ओढला.

कचेरीत या बैठकीला 'ऐकणं' म्हणत. ती मोठ्या सरांनीच सुरू केलेली. इंग्रजी शब्दाचा अर्थ आपल्या भाषेत लिहून झाला की तो लगेच छापायला जात नसे. एकाने तो वाक्यात घालून मोठ्याने वाचायचा आणि बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकायचा. ऐकताना कुठे खडा लागला की डोळा आपोआप उघडतो, असं म्हाताऱ्याचं म्हणणं. डोळा उघडला की अर्थ पडला, मग पुन्हा पहिल्यापासून. कागदावर खोटा अर्थही नटूनथटून बसतो, ते म्हणत, कानापुढे त्याचं सोंग टिकत नाही. आज नुसता डोळा उघडून भागलं नव्हतं, अख्खी बाई उठली होती, आणि अर्थ तर अजून वाचायचाच होता. शब्द होता असिमिलेट. त्याने वाचलं. अन्न असिमिलेट होतं, म्हणजे अंगी लागतं. शिकलेलं असिमिलेट होतं, म्हणजे पचनी पडतं. बाहेरून आलेल्या माणसांना एखादा समाज असिमिलेट करतो, म्हणजे सामावून घेतो. इथवर सगळ्यांचे डोळे मिटलेले राहिले. मग मूळपुरुषांनी डोळे न उघडताच बोट वर केलं. "याच्या मुळाशी लॅटिनातला 'सारखा' बसलाय," ते म्हणाले. "नुसतं आत घेऊन भागत नाही. आत घ्यायचं आणि आपल्यासारखं करून सोडायचं. सामावून घेतलेला पाहुणा पाहुणाच राहू शकतो. याच्यात नाही राहू शकत." बाई म्हणाली, "मग पचवून टाकणं म्हणा." "माणसाला कसं पचवणार?" मूळपुरुषांनी विचारलं. "का? माझ्या सासरच्यांनी नाही पचवलं मला? हाडंसुद्धा बाहेर टाकली नाहीत," बाई म्हणाली, आणि तिघंही हसली, त्या दोघांचे डोळे मिटलेलेच. मग त्याने उदाहरणाचं वाक्य वाचलं. ते सकाळी त्यानेच लिहिलं होतं, घाईघाईत, फारसा विचार न करता: त्या घराने त्याला कधी सामावून घेतले, हे त्याचे त्यालाच कळले नाही. बाईचे डोळे मिटलेलेच. मूळपुरुष मान डोलावत होते. कुणालाच काही खुपलं नाही. उघडले ते फक्त त्याचे स्वतःचे डोळे, आणि तो वाचणारा असल्यामुळे त्याचे उघडेच असतात म्हणून ते कुणी धरलंही नाही. "आज राहू दे," तो म्हणाला, "उद्या बघू." आणि कागद फाइलीत सरकवला.

बस आली, तो चढला नाही. पाय आपसूक चालू लागले आणि त्याने त्यांना चालू दिलं. संध्याकाळची वेळ, दुकानांचे दिवे नुकते लागलेले, पण उजेड अजून बाहेरचाच जास्त. किल्ल्या करून देणाऱ्याच्या टपरीवर यंत्र कचकचत होतं. इस्त्रीवाल्याच्या दुकानातून गरम कापडाचा वास येत होता. पुढे लाकडी सामानाच्या दुकानाबाहेर एक कपाट उतरवून ठेवलेलं, दाराला आरसा, आणि त्या आरशात एक म्हातारा माणूस हात मागे बांधून, मान थोडी डावीकडे कलती ठेवून येताना त्याला दिसला. त्याला बाजू द्यावी म्हणून तो सरकला तर म्हाताराही सरकला. माणूस तो स्वतःच होता, चाल थेट मोठ्या सरांची. तेव्हा त्याने हात सोडले. सोडलेल्या हातांचं काय करायचं हे काही केल्या कळेना. खिशात घातले, बाहेर काढले, एक पुढे एक मागे असे हलवून पाहिले, सैनिकासारखे वाटले. लहानपणी आपण हातांचं काय करायचो? हात असायचे का तेव्हा? त्याच्या आईबापांच्या घरात कुणाचे हात कधी मोकळे नसायचेच. बाप बसचा कंडक्टर, त्याचा आवाज भरल्या बसमधून मागच्या दारापर्यंत पोचायला हवा, तोच आवाज तो घरीही आणायचा. भावंडं सगळी एका वेळी बोलणारी. मीठ मागायलाही ओरडावं लागे. त्या घरात कुणी गप्प बसला तर आई कपाळाला हात लावून ताप बघायची. तो त्यातलाच एक होता, सगळ्यांत धाकटा, म्हणून सगळ्यांत मोठ्याने बोलणारा. आणि मग तो शब्दकोशाच्या कचेरीत लागला. तिथे मोठे सर होते. आणि सरांना एक मुलगी होती.

सरांच्या घरी पहिल्यांदा जेवायला बसला तेव्हाचं त्याला लख्ख आठवत होतं. टेबलावर एवढी शांतता की चमच्याचा आवाजही उर्मट वाटावा. त्याला ती सोसवेना. त्याने बापाच्या बसमधला एक किस्सा सांगितला, तिकीट न काढता झोपेचं सोंग घेणाऱ्या माणसाचा, बापाच्या आवाजासकट, आणि शेवटाला स्वतःच खो खो हसला. सरांनी घास थांबवून त्याच्याकडे पाहिलं, जसं एखाद्या नवीन शब्दाकडे पाहावं, कोशात घ्यावा की नको. टेबलाखाली मुलीचा पाय त्याच्या पायावर पडला. तो समजला की गप्प बस म्हणतेय. बाहेर पडल्यावर ती म्हणाली, "अजून एक सांगायचास ना! किती वर्षांनी त्या टेबलावर कुणी हसलं." त्या एका वाक्यावर त्याने लग्न केलं असं म्हणायला हरकत नाही. पुढे सरांना हृदयाचा झटका आला, दोघं थोडे दिवस म्हणून तिकडे राहायला गेली, आणि ते थोडे दिवस काही संपले नाहीत. मित्र घरजावई म्हणून चिडवत, तोही म्हणे, हो, दोन वेळ आयतं मिळतंय, तुमचं का पोट दुखतं. जाच कुणी केला नाही. कुणी एक शब्द टाकून बोललं नाही. फक्त चहा कोमट झाल्यावरच प्यायचा, वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून उघडायचं, दार लावताना कडीचा आवाज होऊ द्यायचा नाही, हे हळूहळू अंगी लागलं. किस्से कमी झाले. मग किस्से सुचेनासे झाले. बायको रात्री कधीमधी म्हणायची, "तो तिकिटाचा सांग ना," आणि तो सांगायला लागला की मध्येच हरवायचा. बापाचा आवाज काढू जावं तर घशातून येईना. सर गेल्यावर त्यांची खुर्ची कचेरीत त्याला मिळाली, घरातली खिडकीजवळची खुर्चीही त्याने घेतली. रिकामी ठेवणं बरं दिसेना म्हणून. त्या खुर्चीत बसल्यावर खिडकीतून काय दिसतं, तर समोरच्या इमारतीचं पाण्याचं टाकं. म्हातारा इतकी वर्षं टाक्याकडे बघत कसला विचार करत होता, कुणास ठाऊक. हल्ली तोही बघतो.

नुसतं एवढंच असतं तर त्याने हसण्यावारी नेलं असतं. जावई सासऱ्यावर गेला म्हणून कुणी मेलेलं नाही. पण आठवड्यापूर्वी बायकोने जेवताना एक गोष्ट सांगितली होती आणि त्याला आत्ता, या रस्त्यावर, हातांचं काय करावं हे न कळता चालताना, ती गोष्ट खुपत होती. बायको दवाखान्यात लोकांचे कान तपासते. दुसऱ्या गावी, रात्रभराच्या प्रवासाच्या अंतरावर, मुलांसाठी नवीन केंद्र निघतंय, ते उभं करायला तिला बोलावलं होतं. दोन वर्षांसाठी. सुट्टीला येता येईल. "जाऊ का?" तिने विचारलं. डोळे ताटावर, आवाज सरळ, जणू मीठ देऊ का असं विचारतेय. आणि तो म्हणाला, "बघू." एवढंच. पुढे काही नाही. तिने मान हलवली, उरलेलं जेवण संपवलं, ताट उचलून आत नेलं आणि त्यानंतर आठवडाभर त्या विषयाचं नाव काढलं नाही. उद्या सकाळी तिकडे फोन करून हो की नाही ते कळवायचं होतं. हे तरी त्याला कुठे ती बोलली होती, सासूबाईंकडून कळलं होतं.

बघू. या शब्दाचा अर्थ त्या घरात सगळ्यांना माहीत होता. ती विशीत होती तेव्हा कानाचंच पुढचं शिकायला तिला बाहेरगावी जायचं होतं. प्रवेश मिळाला होता, राहायची सोयही लागली होती. सर म्हणाले, बघू. दुसऱ्या दिवशी म्हणाले, बघू. त्यांनी कधी नाही म्हटलं नाही, आवाज चढवला नाही. ते नुसते बघत राहिले आणि बघता बघता तारीख टळली. तिने हे त्याला लग्नाआधी सांगितलं होतं, एका बागेच्या कठड्यावर बसून, शांतपणे, आणि शेवटी एकदम त्याचा शर्ट मुठीत धरून म्हणाली होती, "तू काहीही कर. ओरड, भांड, नाही म्हण. पण बघू म्हणू नकोस." तो म्हणाला होता, "आमच्या घरात असलं नाजूक काही बोलत नाहीत. आमच्याकडे सरळ भांडं फेकतात." ती हसली होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि आता, इतक्या वर्षांनी, तोच शब्द त्याच्या तोंडून निघाला होता. न शोधता, न ठरवता, ढेकर यावी तितक्या सहज. तिने भांडण केलं नाही यातच सगळं आलं. बापाशी कोण भांडतं? ती चालली आहे ती नव्या केंद्रासाठी नाही, असं त्याला वाटलं. ज्या घरातून पळण्यासाठी तिने एक बडबड्या पोरगा धरला, त्या पोरग्याचंच तिच्या डोळ्यांदेखत ते घर झालं. आता ती त्याच्यापासून पळते आहे. आपण तिला गमावतोय, हे त्याला चौकात उभं असताना स्पष्ट कळलं. सिग्नल हिरवा झाला, लोक ओलांडून गेले, तो तिथेच राहिला. मागून एकाने कोपराने ढोसलं, "काका, चला की." काका चालले.

घरी पोचला तेव्हा सासूबाई टेबलाशी मटार सोलत बसल्या होत्या. बायको अजून यायची होती. त्याने कपडेही बदलले नाहीत, समोरची खुर्ची ओढली आणि शेंगा स्वतःकडे घेतल्या. हातांना एकदाचं काम मिळालं. सासूबाई त्याला सुरुवातीपासून अहोजाहो करत आणि अजूनही करतात. पण त्या अहोजाहोत आता परकेपणा राहिलेला नाही, उशीची खोळ विरावी तसा तो विरलाय. "आज कचेरीत मजा झाली, आई," तो म्हणाला, आणि बाईचं ताडकन उठणं, चष्म्याचं घर, मूळपुरुषांचं पोट धरून हसणं, सगळं सांगितलं. मजा म्हणून सांगायला घेतलं, पण शेवटाकडे त्याचा आवाज बसत गेला. "अगदी त्यांच्यासारखं खाकरलो म्हणे." सासूबाईंचे हात थांबले. त्या म्हणाल्या, "त्यांच्यासारखं? अहो, ते खाकरणं त्यांचं कुठलं? ते तुमचं."

त्याला वाटलं, म्हातारपणी गोष्टी मागेपुढे होतात. "नाही आई, ते जिन्यावर..." "जिन्यावर खाकरायचे ते नंतर," त्या म्हणाल्या. "आधी कुठे? आधी तर मांजरासारखे यायचे. मागे येऊन उभे राहिले तरी कळायचं नाही, दचकायला व्हायचं मला. किती वेळा सांगितलं, जरा चाहूल देत जा. ऐकतील तर शपथ. मग तुम्ही यायला लागलात. दाराशी येऊन खाकरायचात, बेल वाजवायच्या आधी. भीती वाटायची ना तुम्हाला, आत यायची हिंमत कशी करायची म्हणून. हे आतून ऐकायचे आणि म्हणायचे, आला तुझा कंडक्टर. आणि मग एक दिवस न्हाणीघरातून तसंच खाकरणं ऐकू आलं. मला वाटलं, तुम्ही इतक्या सकाळी कसे? जाऊन बघते तर हे." त्यांनी हातातली शेंग मोडली, दाणे पातेल्यात पाडले. "आणि शेवटी दवाखान्यात होते तेव्हा? तुम्ही औषधं आणायला खाली गेलेलात. डॉक्टर आले तर त्यांना हे तुमच्या वडिलांचा किस्सा सांगत होते, तो झोपेचं सोंग घेणाऱ्याचा. आवाज काढून. ऑक्सिजनची नळी नाकात आणि आवाज काढतायत! नर्स हसून हसून बाहेर गेली. मला मेलीला हसावं की रडावं कळेना. त्यांना कधी असं पाहिलंच नव्हतं हो मी."

त्याच्या डोळ्यांपुढे ती पलंगावरची आकृती आली, हाडं निघालेली, आणि तिच्या तोंडून त्याच्या बापाचा आवाज, बसच्या मागच्या दारापर्यंत पोचणारा. आपण किस्सा हरवला म्हणून इतकी वर्षं रडत होतो आणि तो म्हाताऱ्याकडे होता. छातीवर कुणी बसलेलं उठावं तसा त्याने श्वास घेतला, आणि तो श्वास पार खालपर्यंत गेला. त्या घराने त्याला सामावून घेतलं, खरंच होतं. पण घर तरी कुठे जसंच्या तसं राहिलं होतं? म्हातारा मांजरासारखा यायचा बंद झाला होता. कंडक्टरच्या धाकट्या पोराने, भ्यायलेल्या, घसा खाकरणाऱ्या पोराने, त्या शांततेत स्वतःचं काहीतरी मिसळलं होतं, आणि ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं, कारण त्या घरात असल्या गोष्टी सांगायची पद्धतच नव्हती. मूळपुरुषांना विचारायला हवं, त्याला वाटलं, सारखं कोण कुणासारखं होतं हे त्यांच्या लॅटिनात सांगितलंय का. त्याला हसू आलं आणि त्या हसण्याची तपासणी करायची त्याला गरज वाटली नाही. मग त्याला आठवलं. हसू ओसरलं. "आई," तो शेंगेकडे बघत म्हणाला, "आणि बघू म्हणायची सवय? तीही माझीच का?"

पातेल्यातले दाणे सासूबाईंनी हाताने सारखे केले. "ते मात्र त्यांचं," त्या म्हणाल्या. "ते तुम्ही घ्यायला नको होतं." आवाजात राग नव्हता, पण सवलतही नव्हती. "माझ्यासमोरच म्हणालात गेल्या आठवड्यात. माझा घास तिथल्या तिथे राहिला. मी तेव्हाही गप्प बसले होते, तिच्या शिकायच्या वेळी. हे म्हणाले बघू आणि मी म्हटलं, बघतील. आता परत गप्प बसायचं माझं वय नाही." मग त्यांनी पातेलं उचललं आणि आत गेल्या, आणि नळ सोडल्याचा आवाज आला. तो तिथेच बसून राहिला. खाकरणं कुणाचं, हसणं कुणाचं, हात मागे बांधून चालणं कुणाचं, याचा हिशेब लागो न लागो, काही बिघडत नव्हतं. हा एक शब्द मात्र त्याने घेतला होता. सोयीचा होता म्हणून घेतला होता. नाही म्हणायचं पाप नको आणि हो म्हणून ती गेल्यावर एकटं राहायची भीती नको. म्हाताराही असाच भ्याला असेल का, पोरगी जाईल म्हणून? असेलही. त्याला म्हाताऱ्याची दया आली, आणि रागही आला, आणि दोन्ही एकाच वेळी येऊ शकतात याचं त्याला नवल वाटलं नाही.

दाराशी किल्लीचा आवाज आला तसा तो उठून दाराजवळ गेला. बायको आत आली, खांद्यावरची पिशवी खाली ठेवली, बूट काढायला छोट्या स्टुलावर बसली. दिवसभर लोकांच्या कानात यंत्रं घालून तिचे डोळे थकलेले होते. त्याने काही ठरवलं नव्हतं. "जा तू," तो म्हणाला.

"कुठे?" ती म्हणाली. "आत्ता तर आलेय."

"तिकडे. नव्या केंद्रात. उद्या सांगून टाक त्यांना, येते म्हणून."

तिचा एक बूट निघाला होता. दुसऱ्याची नाडी हातात धरून ती वर बघत राहिली. "आई काही बोलली का तुला?"

"बोलल्या. बऱ्याच बोलल्या. पण त्या बोलल्या म्हणून नाही." त्याला शब्द जुळवता येईनात, आयुष्यभर हेच काम केलेल्या माणसाला. "मी त्या दिवशी बघू म्हणालो ना. रस्त्याने येताना मी ठरवत होतो, तुला सांगायचं की ते मी नव्हतो, ते तुझे बाबा बोलले. पण मीच होतो ग. तू गेलीस तर माझं काय, एवढंच होतं डोक्यात. मला वाटलं, तू मला सोडूनच चाललीयस. मी त्यांच्यासारखा झालो म्हणून."

तिने नाडी सोडून दिली आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "तू?" ती म्हणाली. "तू त्यांच्यासारखा? अरे, मला वाटत होतं मी झालेय! मी घरात पाऊल टाकलं की तू गप्प होतोस. खिडकीशी जाऊन बसतोस. बाबा आले की मी अशीच व्हायचे, हातातलं पुस्तक मिटून. मी म्हटलं, बघ, आता आपणच बाबा झालो. आपल्याला बघून हा माणूस बोलायचा थांबलाय. म्हणून जाते म्हटलं. थोडे दिवस तुला मोकळं होईल. तू बघू म्हणालास तेव्हा तर खात्रीच पटली, की तुलाही मी जायलाच हवी आहे, फक्त तोंडाने म्हणवत नाही."

"मला? तू जायला हवी?" त्याचा आवाज इतका चढला की आतला नळ बंद झाला. आठवडाभर, कदाचित वर्षानुवर्षं, दोघं एकाच म्हाताऱ्याला भिऊन एकमेकांपासून लपत होती, आणि म्हातारा दवाखान्यात पडल्या पडल्या तिकिटाचे किस्से सांगत होता. तो हसायला लागला, तोंड उघडून, भिंतीला पाठ टेकून, आणि थांबेना. ती आधी बघत राहिली, मग तिचे ओठ हलले, मग तीही हसली, आणि हसता हसता मनगटाने डोळे पुसले. "वेडा आहेस," ती म्हणाली. त्याला हलकं वाटलं. जड सामान उतरवून ठेवल्यावर हात आपोआप वर तरंगतात, तसं सगळं अंग वाटलं.

"मग खरंच जाऊ?" तिने विचारलं. या वेळी ती त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"जा ना. तुला जायचंय का, ते सांग आधी."

"फार," ती म्हणाली. "फार जायचंय रे. विशीतच जायचं होतं."

"मग संपलं."

"आणि तू काय करशील इथे?"

"मी?" त्याने विचार केला. खोटं बोलायची इच्छाच होईना. "घाबरत बसेन थोडे दिवस. आईंशी भांडेन. आणि रोज संध्याकाळी फोन करून तुझं डोकं खाईन."

"खा," ती म्हणाली. "रोज खा." मग दुसरा बूट काढायचा विसरून ती तशीच उठली आणि आईला सांगायला आत गेली, एका पायाने टकटक करत.